भूक आणायची राहिली

माझी सून बालवर्गाची बाई आहे आणि तिच्याबद्दल वाकडा शब्द ऐकून घ्यायची मला सवय नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुणावर घसरले तर नवल वाटायला नको. सासूनं सुनेच्या तक्रारी सांगाव्यात अशी लोकांची अपेक्षा असते. आमच्या शेजारणींना तर संध्याकाळी बाकावर बसून तेवढा एकच उद्योग आहे. माझी पाळी आली की मी म्हणते, माझी सून तुमच्या नातवंडांना जेवायला शिकवते, तेव्हा आधी तिचे आभार माना. मग त्या विषय बदलतात.

मी जन्मभर शिवणकाम केलं. अजूनही करते, फक्त सुईत दोरा ओवायला कुणाला तरी हाक मारावी लागते. मुलगा कारखान्यात पाळीवर असला की सुनेला हाक मारते. एकदा अशीच ती दोरा ओवून देत होती आणि मला म्हणाली, आई, एक बाहुला शिवून द्याल का, पोट मोठं हवं, आणि पोटाला चेन हवी, उघडून आत सामान भरता येईल अशी. मला वाटलं, पोरगी दमली आहे, काहीतरी बरळते आहे. पण कामाला नाही म्हणणं माझ्या रक्तात नाही. जुन्या कोटाचं अस्तर काढलं, दोन वेगवेगळी बटणं डोळ्यांना लावली आणि चांगला उशीएवढा बाहुला करून दिला. मग त्याच्यासाठी कापडाची गाजरं झाली, वाटाणे झाले, सफरचंद झालं, उकडलेलं अंडं झालं. शिवाय गोळ्या, केक आणि तळलेल्या कुरकुरीत कापांची एक पिशवीही. अंडं मात्र फक्कड जमलं होतं, अर्धं कापलेलं, आत पिवळा बलक.

पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं ढेरपोट्या. पोरं त्याच्या पोटात आधी गोळ्या आणि केक कोंबायची. मग गाजर आत जाईना आणि चेन लागेना. सून काही बोलायची नाही. बाजूला बसून पाहायची. शेवटी पोरंच आपापसांत भांडायची की आतून काय बाहेर काढायचं. एक गोळी राहू दे, केक काढ, अंड्याला जागा कर. मी एकदा चेन दुरुस्त करायला गेले होते तेव्हा स्वतःच्या डोळ्यांनी हे भांडण पाहिलं. एवढीएवढीशी पोरं, पण काय तो वाद. मोठी माणसं सभेत इतकं मुद्द्याला धरून बोलत नाहीत.

पण ढेरपोट्या ही अर्धीच गोष्ट. खरी गंमत होती ती भूक आणायची.

शाळेचं मैदान जिथे संपतं तिथे एक भिंत आहे आणि भिंतीला लागून पाण्याचा नळ. सुनेनं पोरांना सांगितलं होतं की भूक तिकडे, भिंतीपाशी राहते. ती आपणहून येत नाही, तिला आणायला जावं लागतं. रोज जेवणाच्या आधी सगळा वर्ग पळत भिंतीपाशी जायचा. कधी बेडकासारखं उड्या मारत, कधी एका पायावर. तिथे पोचलं की हात वर करून ताणायचे, भिंतीवरून काहीतरी तोडल्यासारखं करून मूठ घट्ट बंद करायची आणि चालत परत यायचं. येताना पळायचं नाही, भूक सांडते. वर्गात आलं की मूठ पोटावर उघडायची. आणि मग शेजाऱ्यानं शेजाऱ्याच्या पोटाला कान लावून सांगायचं, आली की नाही. आली असेल तर हात धुवायचे आणि ताट घ्यायचं. नसेल आली तर नाही घ्यायचं, कुणी काही म्हणत नव्हतं. सून स्वतः मधोमध बसून आपलं ताट जेवायची. वर्षभरात ती एकाही पोराला 'खा' म्हणाली नाही. 'संपव' म्हणाली नाही. हा तिचा नियम होता आणि नियमाच्या बाबतीत ती महाहट्टी आहे. हे मी कौतुकानं सांगते आहे.

आता चिमणीचं सांगते. चिमणी हे वर्गातलं नाव, कारण ती पोरगी चिमणीएवढं खायची आणि तेही कुणी भरवलं तर. घास गालात धरून बसायची, अर्धा अर्धा तास. तिची आई केस कापायच्या दुकानात काम करते. दुपारी मधल्या सुट्टीत ती धापा टाकत शाळेच्या खिडकीशी यायची आणि बाहेरून खुणा करायची, चाव, गीळ, चाव, गीळ. पोरगी आईकडे बघत जबडा हलवायची. मला त्या बाईचा रागही यायचा आणि कणवही यायची. पोर जेवत नाही म्हटल्यावर आईच्या जिवाचं काय होतं ते मला ठाऊक आहे.

सुनेनं तिला खिडकीशी यायचं बंद करायला सांगितलं. झालं, तिचा पारा चढला. घरी चिमणी सांगायची, आज भूक आली नाही, म्हणून मी नाही जेवले. आई तडक मोठ्या बाईंकडे गेली. माझी मुलगी उपाशी राहते आणि तुमच्या बाई तिला खा म्हणून सांगतसुद्धा नाहीत, असं म्हणाली. तिच्या मागोमाग आणखी दोघं-तिघं पालक. कुणाचे बूट फाटत होते, कुणाच्या पोराचं अक्षर शेजारच्या शाळेतल्या पोरांच्या मानाने मागे पडलं होतं. मोठ्या बाई तशा वाईट नाहीत, पण त्यांना कुणी मोठ्या आवाजात बोललं की त्या लगेच त्याच्या बाजूच्या होतात. त्यांनी सांगितलं, शाळेची समिती भेट द्यायला येणार आहे, तिला दाखवू. समितीला पटलं तर भूक आणायचा हा तास राहील, नाहीतर त्या वेळात लेखन.

त्या संध्याकाळी सून घरी आली आणि पर्स खांद्याला तशीच ठेवून खुर्चीत बसून राहिली. मी म्हटलं, अगं, तास गेला तर गेला, पगार तर तोच राहणार आहे ना.

"आई, माझं सोडा," ती म्हणाली. "चिमणी परवा सहा वाटाणे जेवली. आपल्या हातानं. तिचं पोट आत्ता कुठे बोलायला लागलंय, आणि आता त्याला परत गप्प करायचं?"

मला तेव्हा कळलं की ती कुठल्या तासासाठी भांडत नाही, एका पोरीसाठी भांडते आहे. मी उठले आणि ढेरपोट्याला नवी चेन लावायला घेतली. मला दुसरं काय येतं.

समिती यायच्या दिवशी मलाही बोलावणं होतं, ढेरपोट्याची आई म्हणून. मी माझी चांगली साडी नेसून मागच्या रांगेत पालकांमध्ये बसले. माझ्या शेजारी कोण, तर चिमणीची आई. दुकानातून तशीच आली होती, बाहीला कुणाचे तरी कापलेले केस चिकटलेले. मी नमस्कार केला. तिनं नुसती मान हलवली.

शाळा अशी चकाचक केली होती की ओळखू येईना. पोरांना पांढरेशुभ्र सदरे, पॉलिश केलेले बूट. आणि इथेच माशी शिंकली. मोठ्या बाईंनी सकाळीच सांगितलं, आज मैदानात कुणी जायचं नाही, कपडे मळतील. सुनेनं हात जोडून सांगितलं की पळाल्याशिवाय मुलं जेवणार नाहीत. तर म्हणे, एक दिवस नाही पळाली तर काय आभाळ कोसळणार आहे का, ताट समोर आलं की जेवतील. त्यात पाहुणे उशिरा आले. पोरं सतरंजीवर हाताची घडी घालून बसून बसून अगदी आंबून गेली होती.

समितीत पाच-सहा जण होते. अध्यक्ष म्हणजे उंचेपुरे गृहस्थ, पोट त्यांच्या आधी दारातून आत आलं. पोरांच्या नजरा ढेरपोट्याकडून त्यांच्याकडे आणि त्यांच्याकडून परत ढेरपोट्याकडे फिरल्या. पुढच्या रांगेत कुणीतरी कुजबुजलं, याच्या पोटाला चेन कुठेय. मी पदर तोंडाला लावला. सुनेचे कान लाल झालेले मला मागूनसुद्धा दिसले.

मग ताटं आली. गाजराच्या काड्या, काकडी, वाफवलेले वाटाणे, अंड्याच्या फोडी, सफरचंद, पावाचा तुकडा. सगळं सुबक मांडलेलं. अध्यक्षांनी छोटंसं भाषण केलं, मुलं म्हणजे देशाचं भविष्य वगैरे, आणि हसून म्हणाले, करा सुरुवात.

एकाही पोरानं ताटाला हात लावला नाही.

आधी वाटलं, लाजत असतील. मोठ्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, खा बाळांनो. पोरं त्यांच्याकडे टुकुटुकु बघत राहिली. समितीतल्या एका चष्मेवाल्या बाईनं पेन्सिलीनं काहीतरी टिपलं. तिच्या शेजारचा माणूस हळूच म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढं हळू, की असलं घासफूस लहान मुलं खात नाहीत, हे आपल्याला आधीच माहीत होतं. माझ्या शेजारी चिमणीची आई नुसती धुमसत होती. बघा, माझी एकटीच राहायची उपाशी, आता सगळा वर्ग राहिला, असं ती मला म्हणाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण माझ्या सुनेचा वर्ग होता म्हणून मी जीभ आवरली. मला जीभ आवरताना पाहिलेली माणसं फार थोडी आहेत.

मोठ्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या सुनेजवळ आल्या आणि दातांवर दात ठेवून म्हणाल्या, तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील.

आणि ते खरंच होतं. त्या पोरांनी तिच्या शब्दावर ताटच काय, सतरंजीही खाल्ली असती. एकदा 'खा' म्हणायचा अवकाश होता. ताटं रिकामी झाली असती, समिती खूश झाली असती, तास वाचला असता. मीसुद्धा मनातल्या मनात म्हणत होते, म्हण गं बाई, एकदा म्हण आणि सुटका करून घे.

सून उभी राहिली. हात तिनं मागे बांधले.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण मागच्या रांगेपर्यंत स्पष्ट आला. "वर्षभर मी यांना सांगितलंय, पोटाचं ऐका. मी सांगितलं म्हणून नका खाऊ, कुणी बघतंय म्हणून नका खाऊ. आज पाहुणे आलेत म्हणून पोटाला गप्प बसवा असं सांगितलं, तर उद्या ती माझ्यावर विश्वास का ठेवतील?"

 मोठ्या बाईंनी डोळे मिटले. मी मात्र ताठ बसले. एवढी ताठ की मागे उभ्या असलेल्या माणसाला दिसेना झालं, आणि दिसलं नाही तर न दिसो. मला वाटलं, तास जाऊ दे, नोकरीसुद्धा जाऊ दे, मी शिलाई करून घर चालवीन, पण ही माझी सून आहे.

 अध्यक्ष गुडघ्यांवर हात टेकून वाकले, आणि पोट सांभाळत पुढच्या पोरांना विचारलं, "का रे, भूक नाही का तुम्हाला?"

 पाहुण्यांशी बोलायचं नाही असं सकाळपासून बजावलेलं होतं. मग दुसऱ्या रांगेतून एक बारीकसा आवाज आला. चिमणी उभी राहिली होती. माझ्या शेजारी तिच्या आईनं खुर्चीची कड घट्ट धरली.

"भूक आणायची राहिली," चिमणी म्हणाली.

"राहिली? कुठून आणायची असते?"

"भिंतीपाशी असते. आज जाऊ नाही दिलं. बूट खराब होतील म्हणून." आणि मग तिला अध्यक्षांची दया आली असावी, कारण ती म्हणाली, "तुमची पण आणायची आहे?"

अध्यक्ष सरळ झाले. हसतील असं मला वाटलं, पण ते हसले नाहीत. ते म्हणाले, मी घड्याळ बघून जेवतो बाळ, भूक लागून जेवल्याला किती वर्षं झाली ते मलाच आठवत नाही. मग मोठ्या बाईंकडे वळले आणि म्हणाले, बूट पुसता येतील. चला, दाखवा ती भिंत.

पुढचं मी खिडकीतून पाहिलं, खुर्चीवर चढून. या वयात. सगळा वर्ग सुटला, पांढरे सदरे वाऱ्यावर, आणि मागून अध्यक्ष, कोट काढून चष्मेवाल्या बाईच्या हातात दिलेला, हाशहुश करत पळतायत. नळापाशी चिखल होता, तो सगळ्यांच्या बुटांना लागला. पोरांनी हात वर ताणले, अध्यक्षांनीही ताणले, सदरा पँटमधून बाहेर आला. मुठी बंद झाल्या. आणि मग सगळी वरात हळूहळू चालत परत निघाली. अध्यक्ष घाईघाईनं पावलं टाकायला लागले तशी चिमणीनं त्यांचा सदरा ओढला. सांडेल ना, असंच म्हणाली असणार.

वर्गात आल्यावर मुठी पोटावर उघडल्या आणि पोरांनी एकमेकांच्या पोटाला कान लावले. अध्यक्षांना जोडीदार नव्हता. ते बिचारे सतरंजीवर मांडी घालून बसले होते, घामाघूम. चिमणी गेली आणि तिनं त्यांच्या पोटावर कान टेकवला. डोळे मिटून, कपाळाला आठी घालून, डॉक्टरसारखी. सगळी समिती श्वास धरून उभी.

"आहे," चिमणी म्हणाली. "पण खूप आत आहे. रोज यायला लागेल."

तेव्हा मात्र सगळे हसले, सगळ्यांत मोठ्यानं अध्यक्ष. हात धुऊन पोरं बसली आणि जेवायला लागली. कुणी सांगितलं नाही, कुणी खुणा केल्या नाहीत. गाजरं कुडूम कुडूम वाजत होती. एकानं काकडी ठेवून दिली, एकीनं शेजारणीचं अंडं विचारून घेतलं. अध्यक्षांना एक ताट दिलं, त्यांनी पोरांसारखंच हातानं मटामटा खाल्लं.

मी मात्र दुसरीकडेच बघत होते. चिमणीनं एक वाटाणा उचलला. मग दुसरा. मग मूठभर. मग सफरचंदाची फोड, मग अंड्याचा बलक, बोटं चाटत. घास गालात राहिला नाही. तिचं लक्ष खिडकीकडे नव्हतं, आईकडे नव्हतं, ताटात होतं. ती पावाचा तुकडा तोडत शेजारच्या पोराला काहीतरी सांगत होती, तोंडात घास असताना, अगदी बेशिस्त.

माझ्या शेजारी हुंदका आला. चिमणीची आई दोन्ही हातांनी तोंड दाबून रडत होती. मी माझा रुमाल दिला.

"मी काहीच केलं नाही," ती म्हणाली. "मी नुसती बसले होते. आणि ती जेवली."

तेवढंच करायचं असतं, असं मी म्हणणार होते, पण ते तर तिला आत्ताच दिसलं होतं. मी तिचा हात धरला आणि तिनं तो सोडवून घेतला नाही.

निघताना अध्यक्षांनी चिखलाचे बूट पायरीवर आपटले. मोठ्या बाईंनी विचारलं, मग या तासाचं काय ठरवायचं. ते म्हणाले, हा तास काढलात तर मी रोज कुठे पळायला जाऊ. मोठ्या बाई लगेच म्हणाल्या की त्यांना पहिल्यापासूनच ही कल्पना फार आवडली होती. मी तेव्हाही जीभ आवरली. एका दिवसात दोनदा, लक्षात ठेवा.

 संध्याकाळी घरी मी ताटं वाढली. सून ताटाकडे बघत बसली, चेहरा असा की दिवसभराचा सगळा ताण आत्ता कुठे अंगावर आला होता. माझ्या तोंडात शब्द आलाच होता, खा गं, दोन घास तरी खा. जन्मभराची सवय. मी तो शब्द गिळला, चपला पायात घातल्या आणि दार उघडलं.

"चल," मी म्हटलं. "भूक घेऊन येऊ."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि खुदकन हसली. आम्ही दोघी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो, शेजारणींच्या बाकावरून. एकीनं विचारलं, सासू-सुना कुठे निघाल्या एवढ्या तोऱ्यात. मी म्हटलं, माझी सून बालवर्गाची बाई आहे, आणि आज तिनं एका पोराला जेवायला शिकवलं, तोरा असणारच. मग कोपऱ्यावरच्या भिंतीपाशी आम्ही थांबलो. सुनेनं हात उंच ताणले, मूठ बंद केली आणि परतीच्या वाटेवर ती मूठ माझ्या पोटाशी आणून उघडली.

"आई, ही तुमची," ती म्हणाली. "तुम्हीही सकाळपासून काही खाल्लेलं नाही."

खरंच खाल्लं नव्हतं. काळजीनं घास उतरला नव्हता आणि माझं मलाच ते कळलं नव्हतं. आम्ही सावकाश चालत घरी आलो आणि गार झालेलं जेवण दोघी पोटभर जेवलो.